सही जुळत नाही

माझे अक्षर वाईट आहे. शाळेत आमच्या मास्तरांनी ते कोंबडीचे पाय असल्याचे भर वर्गात जाहीर केले होते आणि पुढे बँकेत लागल्यावर आमच्या हेडक्लार्कसाहेबांनी, यात कोंबडीचा अपमान होतो, असे मत नोंदवले. अशा माणसाने अक्षरांवर टीका लिहायला बसायचे म्हणजे लोक हसणार. हसू देत. ज्यांना दोन सूर लावता येत नाहीत ते गाण्यावर लिहितात, ज्यांना साधा चहा जमत नाही ते बायकोच्या आमटीवर भाष्य करतात, मग मीच काय घोडे मारले आहे?

शिवाय माझ्याकडे एक पात्रता आहे. मी बी. कॉम. आहे, हे नव्हे; तशी आमच्या चाळीत सातजण होते. गेली बावीस वर्षे मी बँकेत बसून लोकांच्या सह्या पडताळतो. हल्ली आम्हाला कारकून म्हणत नाहीत, 'असोसिएट' म्हणतात. पगारात त्याने फरक पडला नाही, उच्चाराला मात्र वेळ लागतो. पण सही बघायचे काम तेच. पूर्वी कार्डावरची सही बघत होतो, आता पडद्यावरची बघतो.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. एकाच पार्टीचे दोन चेक एकाच दिवशी माझ्यापुढे आले. मी ते हेडक्लार्कसाहेबांकडे नेले आणि शाबासकीच्या आशेने म्हणालो, "साहेब, दोन्ही सह्या अगदी तंतोतंत आहेत. केसाचासुद्धा फरक नाही." साहेबांनी तोंडातले पान एका गालातून दुसऱ्या गालात नेले. "केसाचासुद्धा नाही?" त्यांनी दोन्ही चेक एकावर एक ठेवून ट्यूबलाइटसमोर धरले. डब्यावर झाकण बसावे तशी एक सही दुसरीवर बसली. "थांबव," ते म्हणाले. "अरे, जिवंत माणूस दोनदा सारखी सही करू शकत नाही. एवढी जुळली म्हणजे कुणीतरी खाली कागद ठेवून गिरवली आहे." आणि ते खरे निघाले. सही जुळली नाही तर संशय घ्यावा आणि फार जुळली तर जास्त संशय घ्यावा, हा धडा मी त्या दिवशी शिकलो. कॉमर्स कॉलेजात तो नव्हता.

आता विषयाकडे येतो. विषय आहे ब्रशच्या वळणाचे फॉन्ट. आमच्या वडिलांच्या वेळी त्याला टाइप म्हणत आणि तो शिशाचा असे. आता त्याला फॉन्ट म्हणतात आणि तो कशाचाच नसतो. ब्रशचा फॉन्ट म्हणजे असा, की ही अक्षरे कुणीतरी बाह्या सरसावून, ब्रश रंगात बुडवून झोकात ओढली असावीत असे वाटते आणि प्रत्यक्षात कुणीतरी एका हाताने वडापाव खात दुसऱ्या हाताने ती बडवलेली असतात.

डोंबिवली स्टेशनपासून आमच्या घरापर्यंत चालत बारा मिनिटे लागतात. तेवढ्या वाटेवर या फॉन्टांची सगळी वंशावळ बघायला मिळते. सुरुवातीला एक मिसळीचे हॉटेल. त्याच्या पाटीवरच्या 'झणझणीत' या शब्दाच्या प्रत्येक अक्षराचे टोक फाटलेले, जणू रंग संपत आलेला ब्रश रागारागाने ओढला आहे. आजूबाजूला शिंतोडे. ते तर्रीचे समजायचे. पुढे भिंतीवर एका ऐतिहासिक चित्रपटाचे पोस्टर. तीच फाटकी टोके, तेच शिंतोडे. इथे ते रणांगणावरचे समजायचे. त्याच्या पुढे चौकात भावी नगरसेवकांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. पुन्हा तेच. इथले शिंतोडे कर्तृत्वाचे असावेत. आणि त्याच चौकात, त्याच खांबावर, एकदा एका सद्गृहस्थांच्या फोटोखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' असे त्याच अक्षरांत लिहिलेले मी पाहिले. गृहस्थ माझ्या ओळखीचे होते. पोस्टात नोकरी केली, निवृत्त झाले, संध्याकाळी बाकावर बसून मोगऱ्याचा गजरा विकणाऱ्या बाईशी हवापाण्याच्या गप्पा मारत. जन्मात कधी आवाज चढवला नसेल. त्यांना ही अशी तलवार उपसून श्रद्धांजली! मी तिथे नमस्कार करायला उभा राहिलो आणि क्षणभर मला सपाटून भूक लागली. याबद्दल मी त्यांच्या आत्म्याची मनापासून क्षमा मागतो. चूक माझी नव्हती, फॉन्टची होती.

अक्षराला आवाज असतो, हे मी सांगायला नको. मराठी नाटकांच्या जाहिराती बघत जे वाढले त्यांना ते ठाऊक आहे. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकाचे नाव काढले, की तिकीट काढण्याआधीच कळायचे, इथे हसायचे आहे की रुमाल घेऊन जायचे आहे. १९६२ साली सुरू झालेल्या 'महाराष्ट्र टाइम्स'चे मथळ्याचे अक्षर त्यांच्याच हातचे. पण शेडगे एका नाटकाचे अक्षर उचलून दुसऱ्या नाटकाला लावत नसत. नाटक बदलले की अक्षर बदलले. फॉन्टचे याच्या नेमके उलट असते. तो एकदाच ओरडायला शिकतो आणि मग लग्न असो, मयत असो, मिसळ असो, तेच ओरडतो.

हा दोष आपल्याकडचाच आहे असे समजून हळहळण्याचे कारण नाही. १९४२ साली रॉबर्ट ई. स्मिथ या गृहस्थांनी अमेरिकन टाइप फाउंडर्स या कंपनीसाठी 'ब्रश स्क्रिप्ट' नावाचा टाइप काढला. मोठी हुशारीची गोष्ट होती ती. छोट्या लिपीतल्या अक्षरांच्या शेपट्या एकमेकांत अशा गुंतवल्या, की सुट्या खिळ्यांनी छापलेला शब्द एका दमात ब्रशने लिहिल्यासारखा दिसावा. पुढे तो कॉम्प्युटरबरोबर फुकट येऊ लागला आणि फुकट मिळालेल्या वस्तूचे जे होते ते झाले. आमच्या शाखेत कुणी निवृत्त झाले की दारावर त्याच टाइपात, सगळी अक्षरे कॅपिटल घेऊन, शुभेच्छा लागतात. कॅपिटल अक्षरे एकमेकांना जोडायची सोय त्या टाइपात नाही. त्यामुळे प्रत्येक अक्षर स्वतंत्रपणे तिरके होऊन पुढच्याच्या अंगावर पडते. निवृत्त होणाऱ्याला वाटते, आपल्याला ढकलून बाहेर काढताहेत.

इथवर मी दुसऱ्यांच्या चुका सांगितल्या. आता माझी.

आमच्या सोसायटीच्या फाटकावर १९९६ पासून एक पत्र्याची पाटी होती. सोसायटीचे पूर्ण नाव इथे देत नाही, कारण थकबाकीदार सभासदही पुस्तके वाचतात आणि मी कोषाध्यक्ष आहे. पण नावाच्या शेवटचे चार शब्द महाराष्ट्रातल्या हजारो इमारतींना समाईक आहेत तेच: 'सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित'. ती पाटी रंगवली तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो आणि वडील सोसायटीचे सेक्रेटरी होते. मागच्या गल्लीतले पेंटरकाका दोन दिवस आमच्या पार्किंगमध्ये येऊन बसले होते. खडूत भिजवलेला दोरा ताणून त्यांनी टिचकीसरशी पत्र्यावर सरळ रेघा उठवल्या. डाव्या हातात एक काठी, तिचे टोक पत्र्यावर टेकवलेले, त्या काठीवर उजवे मनगट. चपटा ब्रश एनॅमलमध्ये बुडवायचा, डब्याच्या कडेला दोनदा पुसायचा आणि श्वास रोखून काना ओढायचा. काना संपला की श्वास सोडायचा. मी दोन दिवस शाळा बुडवून ते बघत होतो, आणि त्यांच्याबरोबर मीही श्वास रोखत होतो. शेवटच्या शब्दापाशी त्यांची जागा संपत आली. 'मर्यादित' हा शब्द त्यांनी अंग चोरून बसवला. वडील म्हणाले, "अर्थाला धरून आहे." खाली उजव्या कोपऱ्यात काकांनी बारीक अक्षरांत आपली सही केली आणि वडिलांनी पैसे दिले.

गेल्या पावसाळ्यात ती पाटी गंजून अर्धी झाली. समितीची सभा भरली. पेंटरकाकांना विचारले. ते आता सत्तरीच्या पुढचे आहेत, म्हणाले, "मोतीबिंदू काढलाय, पंधरा-वीस दिवस थांबा, आणि चार हजार होतील." प्रिंटवाला म्हणाला, "सोळाशे, आणि उद्या संध्याकाळी." चेअरमन म्हणाले, गेटवर नाव नसल्यामुळे त्यांचे पार्सल शेजारच्या सोसायटीत जाऊन तिथे खाल्ले गेले. अशा वेळी कोषाध्यक्षाकडे सगळे बघतात. मी बी. कॉम. माणूस. मी तोडगा काढला: पाटी प्रिंटवाल्याचीच घ्यायची, पण अक्षर ब्रशचे निवडायचे. रूप पेंटरचे, दर प्रिंटचा. टाळ्या पडल्या. अनेक वर्षांत त्या सभेत माझ्या वाक्याला टाळी पडली नव्हती.

प्रिंटच्या दुकानातला मुलगा वीस-बावीसचा असेल. त्याने सरसर पंधरा फॉन्ट दाखवले. मिसळीचा दाखवला, तो मी नाकारला; आपल्याला त्या घरात राहायचे आहे. मग म्हणाला, "काका, हा बघा, एकदम हॅण्डपेंटेड लूक. 'यात्रा वन'." वन म्हणजे अरण्य नव्हे, इंग्रजी एक. पडद्यावर अक्षरे उमटली आणि मी म्हणालो, "अरे, हे तर स्टेशनचे अक्षर!"

आणि ते खरेच होते. मुंबईच्या लोकलच्या स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्या बघून हा फॉन्ट तयार झाला आहे. पिवळ्या पाटीवरची ती काळी, जाड, कापलेल्या टोकांची अक्षरे. कॅथरीन ली श्मिट या बाईंनी हे काम सुरू केले. हे कळल्यावर मला थोडी लाज वाटली. बावीस वर्षे मी रोज दारात लटकून ती अक्षरे बघतो आहे. बघतो म्हणजे काय, कोणते स्टेशन आले तेवढे बघतो. अक्षर बघायला श्मिटबाईंना पुढे यावे लागले.

फॉन्ट म्हणून 'यात्रा' चांगला आहे, हे मी टीकाकाराची जबाबदारी पत्करून सांगतो. एक तर त्यात शिंतोडे नाहीत. स्टेशनच्या पाटीला शिंतोडे परवडत नाहीत; ठाणे की कळवा हे धावत्या गाडीतून, घामेजलेल्या तीन माणसांच्या खांद्यांवरून दिसावे लागते. दुसरे, त्यातली इंग्रजी. आपल्या बोरूचा काप एका बाजूला आणि इंग्रजी लेखणीचा उलट बाजूला, म्हणून देवनागरीचे जाड-बारीक आणि रोमनचे जाड-बारीक वेगवेगळ्या ठिकाणी पडते. दोन्ही लिप्या एका पाटीवर शोभाव्यात म्हणून आजवर बहुधा देवनागरीलाच कोट-पाटलोण घालून उभे केले गेले. इथे उलटे आहे. 'यात्रा'तली इंग्रजी अक्षरे देवनागरीच्या कापाने काढली आहेत. इंग्रजीला धोतर नेसवल्यासारखे वाटते, पण निऱ्या नीट बसल्या आहेत. आणि हे सगळे फुकट. कोषाध्यक्षाच्या डोळ्यांत पाणी यावे असा हा गुण आहे.

फॉन्ट करणाऱ्याचे कष्टही कमी लेखू नयेत. पेंटरला जो शब्द सांगितला तेवढीच अक्षरे काढायची असतात. सोसायटीच्या पाटीला 'ङ' लागत नाही, तर त्याने 'ङ' का काढावा? फॉन्टवाल्याला मात्र कुणी कधी मागितलेला नाही असा शब्दही गृहीत धरावा लागतो. 'ज्ञ' हवा, 'क्ष' हवा, 'द्ध्य' हवा, 'ष्ट्र' तर हवाच, नाहीतर या राज्यात राहता येणार नाही. अशी शेकडो जोडाक्षरे एका वळणात बसवायची. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांचा 'मंगल' आपण सगळे वापरत आलो, ऑफिसातली परिपत्रके त्यात टाइप केली, पण त्याच्या मागे एका सुलेखनकाराचा हात आहे हे किती जणांना माहीत असते? मलाही उशिरा कळले.

मर्यादा आहेत. 'यात्रा' हा नावाचा, मथळ्याचा फॉन्ट आहे. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर असा फॉन्ट म्हणजे भांडवली खर्च. तो दुकान उघडताना एकदा करायचा, रोजच्या महसुली खर्चात दाखवायचा नाही. एका टूरवाल्याचे पत्रक मी पाहिले. त्यात अष्टविनायकाच्या सहलीचे वेळापत्रक, नाश्ता, नियम, 'पैसे परत मिळणार नाहीत', सगळे याच अक्षरांत. वाचताना दर ओळीला नवे स्टेशन येत होते. चौथ्या ओळीला मी उतरलो.

असो. पाटी लागली. छान दिसत होती. चेअरमनांचे पार्सल बरोबर दारात आले.

आठवड्याने पेंटरकाका डोळ्याला काळा चष्मा लावून फाटकापाशी उभे दिसले. मी मान खाली घालून स्कूटर आत घ्यायच्या बेतात होतो, पण त्यांनी हाक मारली.

"काय रे, कोषाध्यक्ष ना तू आता?"

"हो काका. ते... तुमचं ऑपरेशन होतं, आणि गेटला नाव नव्हतं..."

"ते असू दे. हात चांगला आहे. कुणाचा?"

"कॉम्प्युटरवर केलंय."

"ते कळलं रे मला. कॉम्प्युटरला हात कुठून आला? त्याच्या आधी कुणाचा?"

मी स्टेशनच्या पाट्यांची हकिकत सांगितली. त्यांनी मान डोलावली. "तरीच. पण स्टेशनच्या पाटीवर पेंटर कुठे सही करतो?" मग चष्मा वर करून ते पाटीच्या अगदी जवळ गेले. "ह बघ," म्हणाले.

मी ह बघितला. 'सहकारी'तला आणि 'गृहनिर्माण'मधला.

"पहिला ह काढला ना, की दुसऱ्याच्या वेळी हात ऐकत नाही. शेजारी कोण बसलंय बघून बसतो तो. हे दोघं बघ, भाऊ-भाऊसुद्धा नाहीत. एकच माणूस दोनदा उभा आहे." एवढे बोलून ते गेले. रागावले असते तर बरे झाले असते.

त्या रात्री मी कागदावर ती चार शब्दांची ओळ त्याच फॉन्टमध्ये छापून घेतली, दोनदा. स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटसमोर एकावर एक धरली. ह वर ह बसला. दोन म, 'र्मा'तला आणि 'मर्यादित'चा. दोन रफार. चार काने. डब्यावर झाकण. बायकोने विचारले, "काय शोधताय?" मी म्हणालो, "अफरातफर." ती म्हणाली, "सोसायटीची असेल तर आधी वकील बघा."

दुसऱ्या दिवशी मीटररूममधून जुनी पाटी काढली. पहिला ह छाती काढून उभा; पुढे भरपूर जागा होती ना. दुसऱ्या ह ने डावीकडच्या 'गृ'ला जागा देऊन जरा पाय आत घेतलेले. पहिला रफार ऐटीत, दुसरा 'मर्यादित'वरचा घाईत, टोपी पडता पडता धरल्यासारखा. ती पाटी बघताना पेंटरकाका कुठे निवांत होते, कुठे घाबरले, कुठे त्यांनी श्वास सोडला हे अठ्ठावीस-तीस वर्षांनंतरही वाचता येत होते. प्रिंटवाल्या मुलाला मी हे सांगितले तर तो म्हणाला, "काका, काही फॉन्टमध्ये एका अक्षराचे दोन-तीन प्रकार टाकतात, आलटूनपालटून येतात." येत असतील. पण ती पाळी झाली, लहर नव्हे.

मग 'यात्रा' खोटा का? या प्रश्नाने मला दोन दिवस काउंटरवर त्रास दिला. तिसऱ्या दिवशी नोटा मोजताना उत्तर सापडले. नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही असते. ती छापलेली असते, आणि त्या छापाच्या दहा हजार नोटा घेतल्या तर दहा हजार वेळा तंतोतंत जुळते. तिथे जुळली नाही तर नोट खोटी. चेकवर उलट. तिथे तंतोतंत जुळली तर चेक खोटा. सही एकच, पण कागद कोणता यावर सगळे आहे. स्टेशनची पाटी ही नोटेच्या जातीची. 'दादर' हे सगळ्या प्लॅटफॉर्मांवर दादरच दिसायला हवे. खरे म्हणजे तिथेही पूर्वी गंमत होती. मराठीत दादर आणि हिंदीतही दादर, म्हणून एकाच पाटीवर पेंटरला चार द काढावे लागत आणि चारही वेगळे निघत; भाषेचा फरक तेवढाच. आता विनाइलच्या पाट्यांवर चारही द सारखे. चालेल. गाडी चुकत नाही. पण आपल्या घराचे नाव, मुलीच्या लग्नाची पत्रिका, त्या पोस्टातल्या गृहस्थांची श्रद्धांजली, हे सगळे चेक आहेत. ते एकाच माणसाने एकदाच, एकाच माणसासाठी लिहायचे असतात. तिथे ब्रशचा फॉन्ट वापरणे म्हणजे हात असल्याची बतावणी. त्यापेक्षा साधा छापील टाइप बरा. तो आपण हाताने लिहिल्याचा आव तरी आणत नाही.

यात श्मिटबाईंचा काही दोष नाही. त्यांनी स्टेशनचे अक्षर स्टेशनचे म्हणूनच सांगितले आहे. दोष आहे तो ते घराच्या फाटकावर, पेंटरचे पैसे वाचवायला लावणाऱ्या कोषाध्यक्षाचा. हनीफ कुरेशी (१९८२–२०२४) यांनी तर गावोगावच्या पेंटरांच्या हातची अक्षरे जमवून त्यांचे फॉन्ट केले आणि त्या फॉन्टना त्या पेंटरांचीच नावे दिली. ते वाचले तेव्हा मला आमच्या नव्या पाटीचा खालचा उजवा कोपरा आठवला. तिथे प्रिंटवाल्याचा मोबाइल नंबर आहे.

फाटकावरची पाटी बदलायची हिंमत मला झाली नाही. सोळाशे रुपये खर्ची पडले होते आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत "तुम्हीच तर टाळ्या घेतल्या होत्या" असे कुणीतरी म्हणालेच असते. पण जिन्याखाली सभासदांच्या नावांचा फलक आहे. चोवीस फ्लॅट, त्यातली नऊ नावे बदललेली. घर विकले जाते, माणूस जातो, नाव तसेच राहते. माझ्या वडिलांचेही होते. मी तो खर्च कोषाध्यक्षाच्या अधिकारात मंजूर केला, बाराशे रुपये, आणि पेंटरकाकांना बोलावले.

ते सकाळी आले. काठी टेकवली, मनगट ठेवले. हात थरथरत होता. काना ओढताना त्यांनी पूर्वीसारखा श्वास रोखला, पण काना सरळ आला नाही, मधे किंचित वळला. त्यांनी माझ्याकडे बघितले. "पुसून परत काढू का?" मी म्हणालो, "राहू द्या." आमच्याकडे पेन्शनर येतात. ऐंशीच्या माणसाची सही साठीत दिलेल्या नमुन्याशी कशी जुळणार? अक्षर थरथरते, शेपूट भलतीकडे जाते, रेघ तुटते. आम्ही समोर बघतो. खिडकीत तोच माणूस उभा असतो.

माझ्या वडिलांच्या नावाच्या जागी माझे नाव आले. आडनावातला र वडिलांच्या र सारखा आला नाही.

पैसे देताना मी व्हाउचर पुढे केले. रेव्हेन्यू स्टँपची गरज नव्हती, रक्कम लहान होती. काकांनी सावकाश सही केली. सोसायटीच्या जुन्या फायलीत १९९६ चे व्हाउचर होते, वडिलांच्या हस्ताक्षरातले, पाटीच्या रंगकामाचे. त्यावर काकांची तेव्हाची सही. मी सवयीने दोन्ही व्हाउचरे शेजारी ठेवली.

सही जुळत नव्हती. मी पास केली.